चवथीतला गोवा आणि जानेवारीतले स्विंडन

पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. माझे माहेर फोंडा तालुक्यातले आणि सासर डिचोलीचे. सासऱ्यांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला असल्यामुळे यजमानांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आणि २०१७ साली आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडन येथे आलो. दोघेही गोदामात कामाला आहोत. गोव्यात मी डी.एड. करून आठ वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. येथे पाळी असेल त्याप्रमाणे रात्री पार्सले बांधते. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मुलगी नऊ वर्षांची.

माझी अडचण अशी की मी दिवसभर तुलना करत असते. येथे बर्फातला बांगडा खाताना आईच्या हातचे हुमण, म्हणजे माशांची आमटी, आठवते. सकाळी दारात येणारा पोदेर म्हणजे पाववाला, अंगणातून हाक मारणाऱ्या शेजारच्या काकी, कुळागरातली, म्हणजे माडापोफळीच्या बागेतली, दुपार यांतले येथे काही नाही. भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण इतक्या वर्षांत एकदाही घरात आलेली नाही. डॉक्टरची वेळ मिळावी म्हणून सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसावे लागते. दुपारी चार वाजता काळोख होतो. मात्र गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात आले तेव्हा उलटेच घडले. रस्त्याकडेचा कचरा, हॉर्नचा गोंगाट, भोमला तासभर अडकलेली गाडी यांवर मी इतकी बोलले की वहिनी म्हणाली, “पौंडांत कमावतेस, मग रडतेस कशाला?” सासरी तर पाच दिवस स्वयंपाकघरातून बाहेरच पडता आले नाही.

परवा जेवताना मुलगा म्हणाला, “तिथे सगळे एवढे चांगले होते, तर आपण इथे आलो कशाला?” मला उत्तर देता आले नाही. यजमान म्हणतात, ब्रिटिश नागरिकत्व घेऊन टाक म्हणजे मन एका जागी बसेल. आमच्या घरात भारतीय पासपोर्ट आता फक्त माझ्याकडे उरला आहे. वडिलांच्या कुळागरातील माझ्या वाट्याचे पुढे काय होईल, हीही काळजी आहे. मी दोन्हीकडची तक्रारखोर झाले आहे का? आम्ही परत यावे का?

— फोंड्याची लेक, स्विंडन

उत्तर

प्रिय भगिनी,

तुम्ही तक्रारखोर झालेल्या नाहीत. दोन ठिकाणी संसार केलेली बाई दोन्हीकडचा जमाखर्च मनात मांडणारच, आणि ज्यांनी कधी गाव सोडले नाही त्यांना तो मांडावा लागत नाही, एवढाच तुमच्यात आणि तुमच्या वहिनीत फरक आहे. मात्र तुमच्या जमाखर्चाच्या नोंदी जुळत नाहीत. पत्रात गोव्याच्या बाजूला तुम्ही जे लिहिले आहे, म्हणजे हुमण, पोदेर, काकींची हाक आणि कुळागरातली दुपार, ते सारे माहेरचे आणि लग्नापूर्वीचे आहे. डिचोलीच्या घराबद्दल मात्र एकच वाक्य आहे आणि ते स्वयंपाकघरात अडकल्याचे आहे. स्विंडनच्या बाजूला तुम्ही रात्रपाळी, बर्फातला मासा आणि जानेवारीतला काळोख मांडला आहे. म्हणजे एका पारड्यात माहेरी वाढणारी, अजून कोणतीही जबाबदारी न पडलेली मुलगी आहे आणि दुसऱ्यात चाळिशीच्या आसपासची, दोन मुलांची आई आहे, जी वर्षातील काळोख्या महिन्यात रात्री कामावर जाते. देश बदलला हे खरे. पण त्याबरोबर वयही बदलले, घरातील स्थान बदलले, काम बदलले आणि ऋतूही बदलला. या सर्वांचे बिल तुम्ही एकट्या देशाच्या नावावर फाडत आहात.

म्हणून तुलना थांबवा असे मी सांगणार नाही, कारण ती सांगून थांबत नाही. करायचीच तर तेथील साध्या मंगळवारची येथील साध्या मंगळवारशी करा. तेथील मंगळवार तुम्ही जगत आहात. येथील मंगळवार मी सांगते, कारण चवथीला येणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. चवथीत घर रंगवलेले असते, गणपतीवर टांगलेल्या माटोळीला रानातली फळे बांधलेली असतात, बाहेरगावी गेलेली सारी माणसे एका छपराखाली असतात आणि तुमच्यासाठी पातोळ्या झालेल्या असतात. ती माणसे परत गेल्यावर त्या घरात मागे कोण राहते आणि दिवस कसा काढते, हे पाहायला तुम्ही थांबलेल्या नसता.

पोदेर अजून येतो. अनेक भट्ट्या आता बाहेरून आलेले कामगार चालवतात, पण सायकलीचा भोंगा तोच आहे आणि उंडा पावही गरम मिळतो. ही एक नोंद तुमच्या बाजूने निर्विवाद धरा. माशांचे तसे नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि तेव्हा फोंड्याच्या बाजारातही बर्फातलाच मासा येतो, तोही परराज्यातून आलेला. पुष्कळ घरांत त्या दिवसांत सुक्या बांगड्यावर आणि खाऱ्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, जेवणे होतात. बंदी उठल्यानंतरही इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव ऐकून माणसे दोन पावले मागे सरतात. कुंडई, भोम, बाणस्तारी या रस्त्यावर तुम्ही एकदा अडकलात. येथील नोकरदार तेथे नेहमीच अडकतात. संध्याकाळनंतर गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या इतक्या विरळ होतात की घरातील प्रत्येक प्रौढ माणसामागे एक दुचाकी लागते, आणि जिला ती चालवता येत नाही ती बाई रात्री आठनंतर दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहते. तुम्ही स्विंडनमध्ये पाळी संपवून रात्री बसने एकट्या घरी येत असाल, तर त्या गोष्टीला तुमच्या नोंदींत जागा मिळालेली नाही. पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी धरते आणि वादळी रात्री वीज गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो. तेथील काळोखाचे जसे महिने आहेत तसे येथील ओलीचे आहेत. फक्त आपण माहेर आठवतो तेव्हा ते मे महिन्यातले आठवतो, जुलैतले नाही.

डॉक्टरच्या बाबतीत दोन्ही देशांत माणूस थांबतोच, पण वेगवेगळ्या कारणाने. खिशात पैसे असतील तर फोंड्यात त्याच दिवशी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो. स्विंडनमध्ये जीपीने, म्हणजे तेथील नेहमीच्या डॉक्टरने, चिठ्ठी दिल्यावरही तज्ज्ञाकडे पोहोचायला महिने लागू शकतात, आणि तुमचा वैताग मला समजतो. पण दुखणे मोठे निघाले तर हिशेब फिरतो. एनएचएस या तेथील सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रियेचे बिल हातात पडत नाही. येथे बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, उपचार होतात, मात्र बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांग असते. खासगी इस्पितळात गेलात तर विमा लागतो. राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पण तिला गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. परत येणाऱ्या कुटुंबाने ही अट आधी वाचावी, कारण विमानातून उतरल्या दिवशी ती पूर्ण होत नाही.

शेजारणीबद्दल थोडे थांबून बोलते, कारण ही तुलना तुम्हाला खोलवर लागलेली दिसते. काकींची हाक प्रेमाची होती यात शंका नाही. त्या काकी आज त्या अंगणात आहेत का, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. गोव्यातील किती अंगणे आज कुलूपबंद आहेत, हे तुम्हाला चवथीला येताना रस्त्यावरून दिसले असेल. शिवाय ज्या वाड्यावर प्रत्येक दारातून हाक येते, तेथे प्रत्येक दारातून नजरही येते. मुलगी घरी किती वाजता आली, सून माहेरी किती दिवस राहिली, नोकरी का सोडली, दुसरे मूल केव्हा, ही चौकशी त्याच अंगणातून होत असते. स्विंडनच्या शेजारणीने तुमच्या घरात पाऊल टाकले नाही, तसे तुमच्या घरात नाकही खुपसले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या असतात आणि त्यांतली एक उचलून दुसरी ठेवून देता येत नाही. एवढे सांगितल्यावरही मी मान्य करते की एकटेपणाच्या दिवशी, नाक खुपसणारी का होईना, काकी हवी असते. स्विंडनमध्ये गोमंतकीय पुष्कळ आहेत. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत म्हणून तुम्ही बाजूला राहत असाल तर ते अंतर तुम्हीच कमी करावे. हुमणाची चव आणि घरची कोकणी ही तुमच्या दोघांची सारखीच आहे, आणि फोंड्याच्या बाजारात तुम्ही त्यांना परके मानले नव्हते.

आता ज्याचा तुम्ही एका वाक्यात उल्लेख करून पुढे निघून गेलात, त्याकडे येते. माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे मूळ माशांत नाही, शेजारणीतही नाही, ते कामात आहे. आठ वर्षे ज्या बाईला वाड्यावरची मुले आणि त्यांचे आईबाप ‘बाई’ म्हणून ओळखत होते, ती आज छातीवरच्या पट्टीवरील नावाने ओळखली जाते आणि तिच्या शिक्षणाचा उपयोग पार्सलाच्या पत्त्यापुरता राहिला आहे. ही हानी खरी आहे, तिला गावाच्या आठवणीचे नाव देऊ नका. आणि गोव्यात परत आलात तरी ती आपोआप भरून निघणार नाही. येथील सरकारी मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षे घसरत आली आहे, अनेक शाळा बंद झाल्या आहेत किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या आहेत, आणि तुमची जुनी जागा तुमची वाट पाहत रिकामी राहिलेली नाही.

त्यापेक्षा जेथे आहात तेथे हा प्रश्न सोडवून पाहा. परदेशातील पदविकेची तेथील पातळी ठरवून देणारी यूके एनिक ही संस्था आहे; तिच्याकडून डी.एड.चे मूल्यमापन करून घ्या आणि प्राथमिक शाळांतील साहाय्यक शिक्षिकेच्या जागांसाठी अर्ज करा. पूर्ण शिक्षिकेची पात्रता मिळवणे ही लांबची वाट आहे, पण साहाय्यकाच्या कामासाठी वर्गात मुले हाताळल्याचा अनुभव मोलाचा ठरतो. पगार कदाचित गोदामाएवढा मिळणार नाही, कमीच मिळेल. मात्र दिवसपाळी मिळेल, मुलीच्या सुट्ट्या आणि तुमच्या सुट्ट्या एक होतील आणि तुमचे इंग्रजी वर्षभरात सुधारेल. देश बदलण्यापेक्षा काम बदलणे स्वस्त आहे, म्हणून आधी ते करून पाहावे. काळोखाबद्दलही एक सांगते: हिवाळ्याच्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे असा तेथील आरोग्य खात्याचाच सल्ला आहे. दर हिवाळ्यात मन असेच खचत असेल, झोप आणि भूक बिघडत असेल, तर सकाळी आठचा तो फोन त्यासाठीही लावा. परतण्याचा निर्णय जानेवारीत घेऊ नये, आणि चवथीत तर मुळीच घेऊ नये.

पासपोर्टचा प्रश्न मनाच्या स्थैर्याचा नाही, कायद्याचा आहे, आणि तेथे यजमानांशी मी सहमत नाही. २०२० सालअखेरच्या आधी तेथे राहू लागलेल्या युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर तुम्हाला कायम वास्तव्याचा दर्जा, म्हणजे सेटल्ड स्टेटस, मिळालेला असणार. नसेल तर तो विषय सर्वांत आधी हाती घ्या. हा दर्जा असेल तर राहणे, काम करणे, उपचार घेणे यांसाठी ब्रिटिश नागरिकत्वाची गरज नाही आणि नागरिकत्वाच्या अर्जाला अंतिम मुदतही नाही. सलग पाच वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यासच तो दर्जा जातो, म्हणजे वर्ष-दोन वर्षे गोव्यात राहून पाहण्याची मुभा तुम्हाला आजही आहे. याउलट १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते. त्यावर हवे तेव्हा येता येते, राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. भारतीय नागरिकत्व पुन्हा मिळवायचे तर ओसीआय म्हणून पाच वर्षे आणि अर्जापूर्वी भारतात बारा महिन्यांचे वास्तव्य लागते. आज मात्र अनिवासी भारतीय म्हणून तुम्ही नमुना ६अ भरून मतदार यादीत नाव ठेवू शकता, मतदानाला प्रत्यक्ष यावे लागते इतकेच.

ब्रिटिश पासपोर्टचे फायदे नाहीत असे नाही. प्रवास सोपा होतो आणि कितीही वर्षे बाहेर राहिलात तरी परतीचे दार बंद होत नाही. तुम्हाला तेथेच म्हातारपण काढायचे आहे असे पुढे ठरले तर अर्ज जरूर करा. परंतु त्याची फी दीड हजार पौंडांच्या वर आहे, आणि मन शांत व्हावे यासाठी एवढा खर्च करून मन अधिकच बेचैन झाले तर ते पाऊल सहज मागे घेता येत नाही.

वहिनीच्या बोलण्याचा राग धरू नका. चवथीनंतर सासूसासऱ्यांची औषधपाण्याची जबाबदारी तिच्यावर असते आणि पौंडांची किंमत तिने तेथील भाड्याशी आणि हीटरच्या बिलाशी ताडून पाहिलेली नसते. पुढच्या वेळी तिला तुमच्या पगारातून महिनाअखेर काय उरते ते आकड्यांत सांगा.

मुलाला मात्र उत्तर द्यायलाच हवे. तो सहा-सात वर्षांचा असताना तेथे आला. त्याचे मित्र, त्याची शाळा, त्याची सायकल, सारे स्विंडनमध्ये आहे. तुम्ही जेवताना स्विंडनला नावे ठेवता तेव्हा तुमच्या लेखी तो एका परक्या गावाचा विषय असतो, त्याच्या लेखी तो त्याच्या गावाचा असतो. त्याला खरे कारण सांगा. आम्ही तुमच्यासाठी आलो असे अर्धसत्य सांगून त्याच्या डोक्यावर ओझे ठेवू नका. पैसे हवे होते, संधी दिसली, वयाने तरुण होतो, म्हणून आलो, असे सरळ सांगा, आणि मला गावाची आठवण येते पण त्याचा अर्थ तुझे गाव वाईट आहे असा नाही, हेही सांगा. तुलना आठवड्यातून एकदा वहीत लिहा. ताटावर ती वाढू नका. परतण्याचा विचार करताना त्याचे वय सर्वांत पुढे ठेवा. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते आणि त्यानंतर दोन वर्षांचे ए-लेव्हल असते. मध्येच उचलून त्याला येथील अकरावीत बसवणे त्याच्यावर अन्याय होईल. येथील व्यावसायिक महाविद्यालयांतही त्याची वाट सोपी नाही, कारण ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्या विद्यार्थ्याला अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांसाठीच स्पर्धा करता येते, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांसाठी नाही. म्हणून त्याचे शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुटुंबाने हलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगी लहान आहे. तिला हवी तर मराठी शिकवा, पण गोव्याचे कौतुक ऐकवण्यासाठी म्हणून शिकवू नका.

त्या काळात एक गोष्ट करता येईल. मुलाच्या जीसीएसई परीक्षा आटोपल्या आणि मुलीची शाळा सुटली की जुलैअखेर तीन आठवड्यांसाठी या, चवथीच्या कितीतरी आधी. अर्धे दिवस माहेरी आणि अर्धे डिचोलीला राहा. आईला डॉक्टरकडे न्या, विजेचे बिल भरा, बसने पणजीला जाऊन या, ओल्या कपड्यांचे काय करायचे ते ठरवा आणि जवळच्या दोन-तीन शाळांत नोकरीची खरोखरच चौकशी करा. यजमानही बरोबर असावेत, कारण डिचोलीच्या घरात तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा ते कोठे असतात, हेही दोघांनी मिळून पाहण्यासारखे आहे. येथून परतल्यावर नागरिकत्वाच्या अर्जाचे बोलू.

राहिले कुळागर. गोव्यात वारशाच्या बाबतीत मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा आहे आणि वडिलांना मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची स्वतःच्या मर्जीने वाटणी करता येते. उरलेला भाग वारसांचाच असतो. पासपोर्ट बदलला तरी वारशाने येणारी शेतजमीन घेता येते, अडचण विकत घेण्याला आहे. आणि ओसीआय झाल्यावर ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. तुमच्या विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर येथील कायद्याप्रमाणे पतीपत्नीची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा तुमच्या वाट्याच्या व्यवहारात पोर्तुगीज नागरिक असलेल्या यजमानांच्या सहीचाही प्रश्न येतो. हे सारे फोंड्यातील एखाद्या जाणत्या वकिलाला कागद दाखवूनच पक्के करावे. फॉर्म १ व १४ या जमिनीच्या उताऱ्याची प्रत ऑनलाइन काढता येते, ती निघण्यापूर्वीच काढून ठेवा. “तू तिकडेच राहणार, मग सही करून टाक,” असे कोणी प्रेमाने म्हणाले तरी वकिलाने वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि वडील हयात आहेत तोवर त्यांची इच्छा काय आहे हे त्यांनाच, भावासमोर, एकदा विचारून घ्या.